दाब, धर, सोड

तुमचं हे सदर मी लॅबमध्ये डबा खाताना वाचते, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसते. कोणाला पांढरी साडी दिसते, कोणाला पैंजण ऐकू येतात... आणि ज्याला दिसलं त्याच्या अंगात तेव्हा ताप होता की नव्हता, हे कोणी लिहीतच नाही. मी मुलुंडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. नळीत जे आहे ते लिहायचं, जे नाही ते लिहायचं नाही, एवढीच आमची अक्कल. देवळात जाते, ती आईला सोबत म्हणून. भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, आजही नाही. त्यामुळे खाली जे लिहिते आहे त्याला कृपा करून भुताची गोष्ट म्हणू नका. ज्या माणसाबद्दल ही गोष्ट आहे तो जिवंत आहे. गोंधळ सगळा तिथेच आहे.

भांडुप पश्चिमेला, डोंगराच्या अंगाला आमची बैठी घरं आहेत. स्टेशनपासून रिक्षा चढत चढत येते, आणि शेवटच्या चढाच्या आधी रिक्षावाला म्हणतो, "बस, आगे नहीं जाएगी." तिथून पुढे आम्ही राहतो. चढ संपतो तिथे पाण्याची मोठी पाइपलाइन आडवी गेली आहे आणि तिच्या पलीकडे जंगल. घर दोन खोल्यांचं, पण बाजूला एक चिंचोळी मोकळी जागा आहे. तिच्यावर पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये बाबांची जीप.

बाबा पाइपलाइनच्या खात्यात ड्रायव्हर होते. पाइपाला लागून जंगलातून जो कच्चा रस्ता जातो त्यावर ते रोज ही जीप घेऊन जायचे. सोबत कोणीतरी साहेब असायचा आणि काम एकच, पाइप कुठे गळतोय का ते बघायचं. जीप जुनी, पेट्रोलवरची, स्टिअरिंग डाव्या बाजूला, वर कॅनव्हासचं छप्पर. खात्याने ती मोडीत काढली तेव्हा बाबांनीच लिलावात उचलली. आईला त्या वर्षी बांगड्या करायच्या होत्या. हा विषय आमच्या घरात अजून मिटलेला नाही. निवृत्त झाल्यावर काही वर्षं बाबा जीप फिरवत होते, मग गुडघे गेले आणि जीप शेडमध्ये उभी राहिली ती राहिलीच. वायरी उंदरांनी खाल्ल्या. मागच्या सीटमध्ये मांजर व्यायली. मी तिच्या बॉनेटवर पापड वाळत घालायचे.

दोन वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डोळे उघडे असायचे, पण बघायचे कुठेच नाहीत. डॉक्टरांनी चार-पाच वेळा तपासून सांगितलं, "जाणीव फारशी राहिलेली नाही. तुम्ही त्यांना स्वच्छ ठेवा, खायला घाला, बाकी अपेक्षा ठेवू नका." बाहेरच्या खोलीत, शेडच्या भिंतीला लागून त्यांची खाट. उजवं पाऊल लुळं पडून वाकडं होऊ नये म्हणून फिजिओथेरपीवाल्या बाईंनी खाटेच्या पायथ्याशी एक लाकडी फळी लावून दिली होती. बाबांचे तळवे दिवसभर त्या फळीला टेकलेले. डावा पाय कधी कधी हलायचा, उजवा कधीच नाही.

अशा माणसासमोर घरातली माणसं हळूहळू कशी वागायला लागतात, ते ज्याच्या घरात झालंय त्यालाच कळेल. पहिले काही महिने आम्ही त्यांच्याशी बोलायचो. मग त्यांच्याबद्दल बोलायला लागलो. खाटेच्या अल्याड-पल्याड बसून, त्यांच्या अंगावरून.

त्यात रीडेव्हलपमेंट आलं. आमची सगळी घरं पाडून तिथे टॉवर होणार, तोवर भाड्याने राहायचं. मिळालेली जागा चौथ्या मजल्यावर, लिफ्टमध्ये स्ट्रेचर जाणार नाही. आईची कंबर गेलेली. मी दिवसभर लॅबमध्ये. (लग्न केलं नाही, त्याचं कारण या गोष्टीत नाही.) माझा चुलतभाऊ दीपक मागच्याच गल्लीत राहतो. त्याने बदलापूरकडे एक केअर सेंटर शोधून काढलं. जाऊन बघून आला. "काकांना तिथे त्रास नाही होणार. बाग आहे, नर्स आहे. आणि काकी, कळतंय कुठे त्यांना ते कुठे आहेत?"

आई मालवणची. शांतपणे म्हणाली, "तेंका काय्येक कळणा नाय. पण माका कळता मा."

तरी तीही तयार झाली. मीही झाले. दिवाळी झाली, की डिसेंबरात बाबांना सोडून यायचं असं ठरलं. हेही आम्ही त्यांच्या अंगावरूनच ठरवलं.

जीपही जाणार होती. भंगारवाला येऊन टायरला लाथ मारून गेला. तेव्हा माझ्या डोक्यात काय आलं कोण जाणे, मी म्हटलं, थांबा, मी ती एकदा चालू करणार आहे. बाबांना बदलापूरला सोडायच्या आधी एकदा त्यांच्या जीपमधून वरपर्यंत, पाइपलाइनपर्यंत न्यायचं. एवढंच. दीपक म्हणाला, "मने, तुझी सटकलीय." त्याचं काही चुकत नव्हतं.

मग माझे रविवार शेडमध्ये जायला लागले. काही गोष्टी लहानपणी बघून माहीत होत्या, काही मोबाइलवरच्या व्हिडिओंनी शिकवल्या, आणि काही मी सरळ बिघडवल्या. पेट्रोलच्या टाकीत आत गंजाचे पापुद्रे. टाकीत खडी आणि रॉकेल घालून मी आणि दीपक दोन बाजूंनी धरून ती पाळण्यासारखी हलवत बसायचो. आईचं जुनं पातेलं मी कार्ब्युरेटर धुवायला पळवलं. त्यावरून चार दिवस बोलणी खाल्ली. पहिल्यांदा इंजिन लागलं तेव्हा शेडभर निळा धूर झाला, आणि शेजारच्या वहिनी गॅस लीक झाला म्हणून बाहेर पळाल्या. मला इतका आनंद झाला होता की मी भिंतीवर थाप मारून ओरडले, "बाबा, लागली." पलीकडून अर्थातच काही नाही.

आता थोडं विचित्र सांगते. त्या रविवारच्या दुपारी... त्यांचं काहीतरी वेगळंच होतं. पत्र्याला बारीक भोकं आहेत, त्यातून ऊन बॉनेटवर ठिपक्या-ठिपक्यांनी पडायचं आणि सावकाश सरकत जायचं. गल्लीतले आवाज लांब गेल्यासारखे वाटायचे. मी दमून सीटवर बसायचे, डोळे मिटायचे आणि मला वास यायचा. ओल्या दगडाचा, शेवाळ्याचा, पाइपाच्या सांध्यातून थेंब थेंब पाणी पडून जिथे नेहमी नेचे उगवतात तिथला वास. पावसाळा संपून गेलेला, सगळा डोंगर वाळलेला, आणि तरी हा वास. डोळे मिटलेले असताना सीट हळूच डावीकडे कलायची, मग उजवीकडे, कच्च्या रस्त्यावर जीप जशी झुलते तशी. चाकं तर मी काढून ठेवली होती. जीप चार बाजूंनी लाकडाच्या ठोकळ्यांवर उभी होती. मी मला सांगायचे, झोप कमी होतेय. कॅनव्हासचा वास आहे. ते पटायचंही. पण उठावंसं वाटायचं नाही. खूप बरं वाटायचं तिथे.

शेवटचं काम ब्रेकचं. ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं यावरच आहे. ब्रेकचं पेडल दाबलं की ऑइल बारीक पाइपांतून चारही चाकांकडे जातं आणि ब्रेक लागतो. पाइप नवीन घातले की आत हवा राहते. हवा असेल तर पाय नुसता खाली जातो आणि गाडी थांबत नाही. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एक वर सीटवर, पेडलवर पाय ठेवून. दुसरा गाडीखाली, चाकाशी, पाना घेऊन. खालचा म्हणतो "दाब", वरचा दोन-तीनदा दाबतो. खालचा म्हणतो "धर", वरचा पेडल दाबून धरतो. मग खालचा चाकापाशी असलेली छोटी निपल ढिली करतो, बुडबुड्यांसकट ऑइल नळीतून बाटलीत येतं, निपल परत आवळायची, आणि मग "सोड". वरच्याने सांगायच्या आधी पाय उचलला तर हवा परत आत ओढली जाते आणि मेहनत वाया. वरचा खालच्याला दिसत नाही, खालचा वरच्याला दिसत नाही. सगळं शब्दावर चालतं.

लहानपणी वरची मी असायचे. सीटच्या कडेला सरकून दोन्ही पायांनी पेडल दाबायचे, आणि खालून बाबांचा आवाज यायचा. दाब. धर. सोड. चारही चाकं झाली तरी बाबा मला सोडायचे नाहीत. त्यांची एक पद्धत होती. शेवटी एकदा "धर" म्हणायचे आणि मग बराच वेळ "सोड" म्हणायचेच नाहीत. पेडल दाबलेलं असताना पाइपाचा एकेक सांधा बोटाने पुसत, बघत फिरायचे, कुठे ओल येते का. जन्मभर गळती शोधलेला माणूस. माझ्या पोटऱ्या थरथरायला लागायच्या. "बाबा, सोडू?" "थांब." सगळे सांधे कोरडे निघाले की मगच सुटका. हे मी कोणाला कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं वाटलंच नव्हतं. खरं म्हणजे मी ते विसरूनही गेले होते.

त्या रविवारी जेवणं झाल्यावर दीपक वर बसला आणि मी खाली गेले. खाली म्हणजे पुठ्ठा अंथरून पाठीवर, सरपटत. शेड इतकी अरुंद की एका चाकाकडून दुसऱ्याकडे जायला बाहेर यायची गरज नाही, खालूनच सरकायचं. ज्या चाकाचा पाइप सगळ्यात लांब ते आधी करायचं, म्हणून मागचं उजवं पहिलं घेतलं. (चाकं अजून काढलेलीच होती; चाक म्हणते ती चाकाची जागा, जिथे ब्रेक असतो.) दीपकने वाट लावली. कानात इअरफोन, कोणाशी तरी बोलतोय, आणि मी निपल आवळायच्या आधीच पाय वर.

"दीपक, सोड म्हटल्याशिवाय सोडायचं नाही."

"अगं, मला वाटलं तू म्हणालीस."

"इअरफोन काढ."

"क्लायंट आहे यार."

तिसऱ्या खेपेला ते चाक कसंबसं झालं. तोवर आमचं चांगलंच वाजलं होतं. दीपक म्हणाला, "ऑइल पुरणार नाही, दुसरी बाटली घेऊन येतो. आलोच." मी म्हटलं, ये. मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे ब्रेकचं ऑइल जिथे भरतात त्या डब्याच्या तोंडावर मी ऑइलची बाटली उलटी बसवून ठेवली होती, तिच्यात अजून बऱ्यापैकी होतं, पण त्याला जायचंच होतं तर जाऊ दे. मी सरकत मागच्या डाव्या चाकाशी गेले, नळी लावली आणि डोळे मिटून पडून राहिले. पत्र्यावर वाळकं पान पडल्याचा आवाज. भिंतीपलीकडे आई भांडी आवरत होती. तोच वास आला, ओल्या दगडाचा.

मग वर सीटची स्प्रिंग वाजली. माणूस बसल्यावर वाजते तशी, आधी मोठ्याने आणि मग बारीक.

"आलास?" मी म्हटलं. उत्तर नाही. रुसलाय, म्हटलं. रुसू दे. "दाब."

पेडलचा दांडा गाडीच्या खालून दिसतो, माझ्या डोक्याच्या वरच. तो पुढे गेला. सावकाश, शेवटपर्यंत. मागे आला. परत. तीन वेळा. दीपक मघाशी सायकलला पंप मारल्यासारखा दाबत होता, हे तसं नव्हतं.

"धर."

धरलं. मी निपल ढिली केली. बुडबुडे आले. आवळली. "सोड." सोडलं. इतकं नीट काम चाललं होतं की मला दीपकचा राग जाऊन कौतुक वाटायला लागलं. एक चाक झालं, मी पुढे सरकले. बोलायचीही गरज कमी कमी होत गेली. पुढच्या उजव्या चाकाला तर मी पाना बसवला आणि तोंड उघडायच्या आत दांडा पुढे गेलेला होता. वरच्याला माहीत होतं मी कुठे आहे. मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही, हेच मला आता सगळ्यात नवल वाटतं. अर्धवट झोपेत असते तशी एक गोडी होती त्या सगळ्याला. दाब, धर, सोड. मधूनच वाटायचं की वर मीच बसले आहे, पाय पुरत नाहीयेत, आणि खालून बोलतंय ते दुसरंच कोणीतरी आहे.

चौथं चाक झालं. बाटलीत नुसतं स्वच्छ ऑइल, बुडबुडा नाही. "झालं," मी म्हटलं. "सोड."

दांडा मागे आला नाही.

"सोड रे, झालं सगळं."

नाही.

"दीपक, मस्करी नको. हात दुखतायत माझे."

दांडा तसाच, पुढे दाबलेला. मी चिडून त्या दांड्याकडे बघत पडले होते. मग दांड्यावरून नजर मास्टर सिलिंडरवर गेली, तिथून पाइपावर, पाइपावरून पुढे... आणि माझं बोट आपोआप पाइपावरून फिरायला लागलं. पहिला सांधा कोरडा. दुसरा कोरडा. पुढच्या डाव्या चाकाकडे वळतो तिथला सांधा ओला लागला. बोट पुसून परत लावलं. परत ओलं. तो नट मी हाताने फिरवून ठेवला होता आणि पान्याने आवळायचा राहूनच गेला होता. आमच्या चढावर, उतरताना, त्या सांध्याने दगा दिला असता तर काय झालं असतं ते मी इथे लिहीत नाही.

मी नट आवळला. पुसला. बघत राहिले. कोरडा. दुसऱ्या बाजूचेही सांधे पुसून बघितले, सगळे कोरडे.

आणि मग, मी काहीही न बोलता, दांडा सावकाश मागे आला.

तेव्हा मला कळलं. म्हणजे काय कळलं ते मला अजून सांगता येत नाही. मी सरपटत बाहेर आले. सीटवर कोणी नव्हतं. शेडमध्ये कोणी नव्हतं. गल्लीतून दीपक येत होता, एका हातात ऑइलची बाटली, दुसऱ्या हातात वडापावची पुडी, कानात इअरफोन.

"सॉरी गं," तो म्हणाला. "दुकान बंद होतं, खाली पार नाक्यापर्यंत जावं लागलं. काय झालं? तोंड असं का झालंय तुझं?"

मी काही बोलायच्या आत आतून आईची हाक आली. आईचा तसा आवाज मी याआधी एकदाच ऐकला होता, बाबांना झटका आला त्या दिवशी.

"मने, धावत ये गो. कधीपासून हाक मारतंय, आयकाक येणा नाय तुका?"

मला खरंच ऐकू आलं नव्हतं. मी आत गेले. आई खाटेवर बाबांचा हात घट्ट धरून बसली होती आणि तिची नजर त्यांच्या पायांवर.

"तुझ्या बापाशीचो पाय हलत होतो. उजवो."

"कसा हलत होता?"

"फळयेक लावन. असो दाबी, मगे सोडी. दाबी, सोडी. मगे दाबून धरी." तिने हाताने करून दाखवलं. सावकाश, शेवटपर्यंत, तीन वेळा. "मगे एकदा धरल्यान तो सोडीच ना. कितको येळ. माका वाटला फिट इली. आत्ता, तू येवच्या आधी सोडल्यान."

बाबांच्या कपाळावर घाम होता. उजव्या पोटरीला हात लावला तर स्नायू थरथरत होता, खूप वेळ ताणून ठेवल्यावर थरथरतो तसा. डोळे मात्र नेहमीसारखेच छताकडे. मी म्हटलं, "बाबा, दाबा." काही नाही. "बाबा, धर... धरा." काही नाही. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी खाटेच्या पायथ्याशी बसून होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. तळव्याला टाचणी टोचून बघितली, गुडघ्यावर ठोकून बघितलं. पाय लुळाच. म्हणाले, "स्पॅझम असेल. होतं असं. यावरून काही ठरवू नका." मी स्वतः जे रिपोर्ट लिहिते त्यात हेच लिहिलं असतं.

आता तुम्ही विचाराल म्हणून मीच सांगते. दीपकने चेष्टा केली का? नाही. नाक्यावरचा दुकानदार म्हणाला, हा तर इथे उभा राहून फोनवर बोलत होता, मीच त्याला बाजूला हो म्हटलं. मी झोपले होते का, स्वप्न पडलं का? मग तीन चाकांची हवा कोणी काढली? बुडबुड्यांसकट निघालेलं ऑइल जिच्यात जमलं ती बाटली मी ठेवून दिली आहे. एकट्या माणसाला ही हवा काढता येते का? येते, निपल उघडी ठेवून थेंब थेंब ऑइल गळू दिलं तर. पण त्यात पेडल हलत नाही. बाबांना भिंतीतून माझा आवाज ऐकू गेला असेल आणि जुन्या सवयीने पाय हलला असेल, हेही मी एकवेळ मान्य करते. पायाचं काहीतरी सांगता येईल. पेडलचं काय सांगू? भिंत विटांची आहे. लॅबमधल्या सगळ्यांना सांगून झालं, प्रत्येकाकडे काहीतरी उत्तर आहे आणि एकाही उत्तरात ती तिन्ही चाकं बसत नाहीत. माझ्याकडे तर उत्तर नाहीच. मी शोधायचंही आता सोडलं आहे.

पण माझी झोप उडाली ती वेगळ्या कारणाने. बाबा त्या लुळ्या अंगाच्या आत जागे असतील तर? आम्ही बदलापूरचं सगळं त्यांच्यासमोर बोललो होतो. मी आईला म्हटलं, आपण त्यांना पाठवायचं नाही. आई भांडं घासत होती, तिने मान वर केली नाही. "माका आशा लावू नको, मने. पाय हललो म्हणान माणूस येणा नाय. तेंका उचलूचा माका लागता, तुका नाय." ती खरं तेच म्हणत होती. बदलापूरची तारीख तशीच राहिली.

जाण्याच्या आदल्या रविवारी सकाळी आम्ही बाबांना जीपमध्ये बसवलं. चाकं बसली होती, ब्रेक मी दहा वेळा तपासला होता. मी आणि दीपकने उचलून त्यांना माझ्या उजवीकडच्या सीटवर ठेवलं, आईची जुनी सुती साडी घडी करून छातीवरून सीटला बांधली. मागे आई, आणि बाबांचे खांदे धरायला दीपक. शेजारच्या वहिनींनी बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं. जीप पहिल्या फटक्यात लागली.

आम्ही चढ चढून पाइपलाइनपर्यंत गेलो. पुढे फाटक बंद असतं, तिथे थांबलो. पलीकडे तो कच्चा रस्ता झाडीत शिरताना दिसतो. ऊन कोवळं होतं, पाइपावर एक वानर बसलं होतं. मी बाबांच्या तोंडाकडे बघितलं. मला काय हवं होतं ते सांगायला लाज कशाला, मला हवं होतं की त्यांनी बघावं. ते बघत नव्हते. नजर काचेवर कुठेतरी अडकलेली. आम्ही तिथे पुष्कळ वेळ बसलो. शेवटी आई म्हणाली, "चल घरा. थंडी बाधात तेंका."

मी गाडी वळवली आणि उतरायला लागले. माझे डोळे भरलेले होते, हे खरं आहे. आमच्या गल्लीच्या अलीकडे एक आडवा बोळ आहे. त्यातून एक रिक्षा उलटी, मागे न बघता, सरळ रस्त्यात आली. जीप थांबली. माझा पाय आधी पडला की पेडल आधी खाली गेलं, हे मला आजही सांगता येणार नाही. रिक्षावाल्याने हात जोडले आणि गेला. मी श्वास घेतला आणि उजवीकडे बघितलं.

बाबांचा उजवा पाय समोरच्या पत्र्यावर रोवलेला होता. गुडघा ताठ, चवडा दाबलेला. आयुष्यभर गाडी चालवलेला माणूस शेजारच्या सीटवर बसला की जसा स्वतःच ब्रेक मारत असतो, तसा.

मागून आईचा आवाज आला. दोन वर्षांत मी तिला त्यांच्याशी त्या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं.

"गाडी ती चलयता मा? मगे तुमी कित्याक ब्रेक मारतास? गप बसा."

बाबांनी पाय मागे घेतला.

मी पहिला गिअर टाकला आणि हळूहळू घराकडे उतरायला लागले. मागे आई बोलतच होती. पाय आखडून बसा, ऊन लागतंय तर डोळे मिटा, घरी गेल्यावर पेज देते. मग दीपकच्या पाठीवर थाप पडल्याचा आवाज आला, आणि ती त्याला म्हणाली, "त्या बदलापूरवाल्यांका फोन कर. सांग तेंका, आमचो माणूस घराक इलो."